बोटं बधिर, अंगात हुडहुडी: नाशिकच्या थंडीत सायकलिंग आणि रनिंगचे कपडे कुठे चुकतात?

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी तुमच्याशी जुळली तरी दुखणं बहुतेक एकच आहे.

• निघताना जॅकेटमध्ये छान ऊब असते. पंधरा-वीस मिनिटांत आत घामाच्या धारा लागतात आणि परतीच्या उतारावर तेच जॅकेट आतून गार लागतं.
• त्र्यंबक रोडला जाताना सगळं ठीक, येताना बोटं इतकी आखडतात की गिअर बदलायला अख्खा तळवा लावावा लागतो.
• मिसळ खाऊन बाहेर आलं की दातावर दात वाजतात.
• गोल्फ क्लब मैदानावर धावताना काही त्रास नाही. धावणं संपवून गप्पा मारत उभं राहिलं की दहा मिनिटांत हुडहुडी भरते.
• एकावर एक दोन पायमोजे घालायला लागल्यापासून पायाची बोटं कमी नाही, जास्तच बधिर होतात.
• दर डिसेंबरात आधीच्यापेक्षा जाड हातमोजे घेतले जातात आणि संक्रांतीपर्यंत तेही कपाटात जातात.

शेवटचं लक्षण खिशाला सगळ्यांत जड. आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये थंडी पडली की कुणीतरी नवीन येतं आणि विचारतं, "ताई, याहून जाड ग्लोव्हज कुठे मिळतील?" मी म्हणते, "ग्लोव्हजचं नंतर बघू. आत काय घातलंयस ते सांग." उत्तर ठरलेलं: सुती बनियन, त्यावर टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जर्किन. बोटांची तक्रार तिथूनच सुरू झालेली असते.

कारण सांगते. सायकल मारताना किंवा धावताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली साधारण चौथाई प्रत्यक्ष कामाला लागते. उरलेली सगळी उष्णता होते. चढावर ही उष्णता बाहेर टाकायला घाम येतो आणि आतले कपडे भिजतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे चढ संपला, उतार लागला, पाय थांबले, वारा वाढला आणि त्याच वेळी अंगाला ओला कपडा चिकटलेला आहे. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर आतले अवयव सांभाळायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांपर्यंत गरम रक्त पोचतच नाही. अशा वेळी हातमोजा कितीही जाड असो, तो स्वतः उष्णता तयार करत नाही. आत असलेली ऊब धरून ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि आत ऊबच उरलेली नसते.

नाशिकची थंडीही जरा फसवी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, हवा कोरडी. रात्री जमीन भराभर निवते, पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो आणि दुपारी २८ पर्यंत जातो. निफाडकडे तर विचारूच नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ५ अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. साडेसहाला ९ अंशांत निघालेला माणूस साडेनऊला २० अंशांत घरी परततो. हिमवर्षावातल्या सायकलिंगचे व्हिडिओ पाहून घेतलेलं जाड जॅकेट इथे पहिल्या तासालाच जड होतं. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्यानंतर इथे सायकलींची हौस चांगलीच वाढली. हौसेबरोबर परदेशी हवामानाची खरेदीही आली. आपल्याला लागतात पातळ, निघणारे, खिशात मावणारे थर.

आता तपासणी. फुकटच्या गोष्टी आधी, पैशांच्या मागाहून. क्रम मोडू नका. पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच बऱ्याच जणांचं काम होतं.

हे थंडीमुळेच होतंय ना?

कोणती बोटं बधिर होतात ते नीट बघा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू मुंग्या येऊन बधिर होत असेल, तर हँडलवर तळव्याची बाहेरची कड दाबली जाऊन तिथली नस चेपते आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगटातून जाणारी नस. पाचही बोटांची टोकं सारखीच गार, फिकट आणि बधिर झाली असतील तर ती थंडी. पडताळा सोपा आहे: एखाद्या रविवारी दुपारी त्याच रस्त्यावर तेवढाच वेळ सायकल चालवा. २६ अंशांतही करंगळी बधिर होत असेल तर हातमोज्यांवर एक रुपया घालवू नका, थेट शेवटच्या भागावर जा.

ही पायरी पहिली ठेवण्यामागे एक कारण आहे. दाब आणि थंडी यांचे उपाय एकमेकांच्या उलटे पडू शकतात. जाड जेल भरलेला हातमोजा गारठा कमी करेलही, पण त्याची गादी नेमकी नसेवर आली तर बधिरपणा वाढतो. मग माणूस म्हणतो, थंडीच जास्त आहे, आणि आणखी जाड घेतो.

घड्याळ, थर्मामीटर आणि पोट

दिवसातलं सगळ्यांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्योदयाच्या आसपास असतं. जानेवारीत नाशिकला सूर्य साधारण सव्वासातच्या सुमारास उगवतो. "उजाडेल तशी थंडी कमी होईल" म्हणून पावणेसातला निघणारा माणूस दिवसातल्या सगळ्यांत गार तासातच सायकल चालवत असतो. अर्धा-पाऊण तास उशिरा निघता येत असेल तर एवढ्यानेच फरक पडतो, पैसेही लागत नाहीत. नोकरीमुळे जमत नसेल तर निदान सुरुवातीचा भाग चढाचा घ्या.

थंड हवा जड असते, ती खोलगट भागात साठते. गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जाताना नदीजवळच्या सखल भागात एकदम गारठ्याची चादर लागते आणि पुढे चढ आला की ती उतरते, हे तिथे नेहमी जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. घराच्या बाल्कनीतल्या आकड्यावर कपडे ठरवत असाल तर त्यातून दोन-तीन अंश वजा करून धरा.

निघताना सोसायटीच्या गेटवर दोन मिनिटं उभं राहा. जरा गार वाटलंच पाहिजे. तिथेच उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घामाने भिजणार हे नक्की. धावणाऱ्यांसाठी जुना हिशोब आहे: पारा दाखवतो त्यापेक्षा ८-१० अंश जास्त आहेत असं समजून कपडे घाला. सायकलवर एवढी सूट घेऊ नका, वारा जास्त लागतो.

आणि उपाशीपोटी निघू नका. थंडीत कुडकुडायलासुद्धा शरीराला इंधन लागतं. एक केळं, दोन खजूर, काहीही चालेल. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका, घाम तर येतच असतो. सिगारेटमधल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. निघायच्या आधी टपरीवर एक झुरका मारून मग बोटांची तक्रार करणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

आतलं बनियन

माझ्या मते दोष सापडण्याची सगळ्यांत मोठी शक्यता इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

सुती कपडा घाम शोषतो आणि धरून ठेवतो. उन्हाळ्यात हे बरं वाटतं. थंडीत तोच ओलावा अंगाला लागून राहतो आणि उष्णता ओढत राहतो. पॉलिएस्टरचा पातळ कपडा घाम फारसा पोटात घेत नाही. तो घाम बाहेरच्या बाजूला पसरवतो, म्हणजे तो लवकर उडून जातो.

विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरातला काटा घ्या. राईडच्या आधी बनियनची घडी करून वजन करा, आकडा लिहून ठेवा. परत आल्यावर, अंघोळीच्या आधी, तेच बनियन पुन्हा काट्यावर ठेवा. दमदार राईड झाली असेल तर आकडा दुप्पटीच्या जवळ गेलेला दिसतो. हा सगळा घाम तुम्ही छातीवर वागवत उतार उतरत होतात. दुसऱ्या दिवशी पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालून हेच करा. वजन त्याचंही वाढेल. पण मग दोन्ही कपडे तेवढेच ओले करून, पिळून, बाल्कनीत शेजारी शेजारी टांगा आणि अर्ध्या तासाने हात लावून बघा. बनियनच्या शिवणी, काखा, गळ्याची पट्टी अजून गच्च असतात, पॉलिएस्टर जवळपास वाळलेला असतो. हा अर्धा तास म्हणजेच तुमचा परतीचा रस्ता. (घरातल्यांनी काट्यावर घामट बनियन बघितलं तर काय होईल त्याची जबाबदारी माझी नाही. खाली वर्तमानपत्र घाला.)

नवीन काही घ्यायचीही गरज नाही. शहरातल्या एखाद्या मॅरेथॉनला भाग घेतला असेल तर कपाटात तिथला टी-शर्ट पडलेला असतोच, आणि तो बहुधा पॉलिएस्टरचाच असतो. आकाराने अंगाबरोबर बसणारा असेल तर आतला थर म्हणून उत्तम. ढगळ असेल तर उपयोग कमी, कारण कपडा अंगाला टेकला तरच घाम उचलतो. मेरिनो लोकर चांगली, वादच नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा घेऊनही ती ओली लागत नाही आणि वासही मारत नाही. पण नाशिकच्या दोन महिन्यांसाठी तेवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. बाकी सगळं पॉलिएस्टरचं असतं आणि स्पोर्ट्स ब्रा मात्र सुती अस्तराची किंवा जाड पॅडची. पॅड ओलं झालं की राईड संपेपर्यंत वाळत नाही, आणि ते नेमकं छातीवर असतं. निघणारे पॅड असतील तर थंडीत काढून ठेवा. कित्येकींची हुडहुडी एवढ्यानेच थांबली आहे.

चेन आणि मिसळ

जॅकेटला चेन आहे ती वापरण्यासाठी. चढ सुरू होण्याच्या आधी ती छातीपर्यंत उघडा, घाम आल्यावर नाही. चढ संपण्याच्या आधी, अंगात ऊब आहे तोवर, गळ्यापर्यंत लावा. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना जॅकेट काढून मागच्या खिशात, आणि वर दर्शन घेऊन उतरताना कोरडा कपडा आत घालून मग जॅकेट. बहुतेक लोक याच्या बरोबर उलट करतात: चढताना बंद, वर पोचल्यावर "हुश्श" करून उघडं, आणि तसंच खाली.

मिसळीच्या थांब्याचंही तेच. आत तर्रीने कान गरम होतात, पण पाठीला ओली जर्सी चिकटलेली असते. पाऊण तासात शरीर निवतं. बाहेर पडून पहिले तीन किलोमीटर नरक. यावर उपाय म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कोरडा टी-शर्ट. पोचल्या पोचल्या, ऑर्डर देण्याआधी, आतला ओला काढून कोरडा घालायचा. धावणाऱ्यांनी मैदानावर हेच करावं: धावणं संपल्यापासून पाच मिनिटांच्या आत वरचा कपडा बदलायचा, मग हव्या तेवढ्या गप्पा.

छातीवरचा वारा

इथपर्यंत सगळं करूनही उतारावर गारठा भरत असेल तर आता वारा अडवायचा. आकडे सांगते. हवा १० अंश असेल आणि ताशी २५ किलोमीटरने सायकल चालत असेल तर चेहऱ्याच्या उघड्या कातडीला ती ७ अंशांसारखी लागते. ४० ने उतरलात तर ६ अंशांसारखी. ताशी १० ने धावणाऱ्याला साधारण साडेआठ. नीट बघा, २५ आणि ४० यांत फरक जेमतेम एका अंशाचा आहे. मग उतारावर एवढं का गारठतं? कारण हा हिशोब कोरड्या कातडीचा आहे. उतारावर पाय थांबल्याने आतली उष्णता बंद होते आणि ओला कपडा उरलेली काढून घेतो. म्हणून बनियन आधी आणि वारा नंतर.

सगळ्यांत स्वस्त उपाय वर्तमानपत्र. चार पानं उघडून, जर्सी आणि आतल्या टी-शर्टच्या मध्ये, गळ्यापासून पोटापर्यंत सरकवा. युरोपातल्या शर्यतींत घाटमाथ्यावर उभ्या लोकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर कोंबून उतरणं ही सायकलपटूंची फार जुनी रीत आहे. कागद वारा अडवतो, थोडा घामही टिपतो. खाली उतरल्यावर काढायचा आणि कचऱ्याच्या डब्यातच टाकायचा. एकदा पेपर घालून उतरून बघा. फरक वाटला तरच विंडचीटरला पैसे घाला. नाही वाटला तर तुमचा दोष वाऱ्यात नाही, बनियनच्या पायरीवर परत जाऊन आतला थर तपासा.

विंडचीटर घ्यायचंच झालं तर पातळ, बिनबाह्यांचं, पाठीला जाळी असलेलं घ्या. घडी करून ते जर्सीच्या मागच्या खिशात गेलं पाहिजे. दुकानात कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा. हवा आरपार गेली तर वारा अडणार नाही. अजिबात गेली नाही आणि पाठीला-काखेला जाळीही नसेल तर तो रेनकोट आहे, आतल्या आत भिजाल. पुढून अडलं पाहिजे, मागून सुटलं पाहिजे. हातांना वेगळे आर्म वॉर्मर, म्हणजे सुट्या बाह्या, असल्या की नऊ वाजता त्या सायकल न थांबवता मनगटाकडे सरकवता येतात. गुडघे १५ अंशांखाली झाकावेत असं माझं मत. गुडघ्यावर मांस नाही, चरबी नाही, समोरून थेट वारा बसतो.

एका वेळी एकच बदल

इथून पुढे पैसे लागतात, म्हणून शिस्त पाळा. एका राईडला एकच गोष्ट बदला. नवे हातमोजे, नवं विंडचीटर आणि नवी टोपी एकाच दिवशी घातली तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळणार नाही. रस्ता तोच ठेवा, घरापासून फार लांब न जाणारा. गंगापूर धरणाकडे जाऊन येणं यासाठी चांगलं, कारण काही बिनसलं तर कुठूनही वळून येता येतं. फोनमध्ये तीन ओळी लिहा: निघतानाचं तापमान, अंगावर काय काय होतं, आणि वीस मिनिटांनी, वळताना, घरी पोचल्यावर कसं वाटलं. दोन दिवसांच्या तापमानात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर तुलना करू नका. एका हिवाळ्यात तुमचं स्वतःचं कोष्टक तयार होतं आणि ते कुठल्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा खरं असतं. गारठा सोसण्याची ताकद माणसागणिक वेगळी असते. माझ्या शेजारी चालवणारे काका १० अंशांत अर्ध्या बाह्यांत असतात.

कान, मान, डोकं

हे पटकन उरकते. गळ्याला आणि कानाला एक बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, पुरतो. तो नाकावर ओढला की आत जाणारी हवा थोडी गरम आणि दमट होते, खोकला कमी येतो. हेल्मेटच्या आत पातळ टोपी चालेल. आजीने विणलेली माकडटोपी चालणार नाही: जाड लोकरीवर हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा ढिला राहतो, आणि पडलात तर हेल्मेट जागेवर राहत नाही. माकडटोपी धावताना घाला.

आता हातमोजे

दुकानात हातमोजा घालून मूठ आवळा. बोटांच्या पेरांवर कापड ताणलं जात असेल किंवा टोकाला बोट टेकत असेल तर तो लहान आहे. घट्ट मोजा रक्त अडवतो आणि आत हवाही राहू देत नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. टोकाला थोडी मोकळी जागा हवीच.

जाड एका जोडापेक्षा पातळ दोन जोड बरे. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये मिळतात तसले साधे विणलेले लोकरी हातमोजे आत, आणि वर वारा अडवणारा थोडा मोठा मोजा. ऊन आलं की आतला खिशात. तेवढेही नसतील तर मेडिकलमधले पातळ रबरी ग्लोव्हज आत घालून तासभर निभावतं. आत हात दमट होतील, पण घामाला उडून जायला वाव नसल्याने गारठा कमी लागतो. काढल्यावर हात लगेच पुसा. मोटरसायकलवाल्यांचे रेक्झिनचे मोजे मी सुचवत नाही. वारा अडतो, पण ते कडक असतात, आणि आत साठलेला घाम बाहेर पडत नाही.

घरून निघण्याआधी, सायकल स्टँडवर असताना, मोजे घालून दोन बोटांनी ब्रेक दाबा, एकेक गिअर वर-खाली करा, जॅकेटची चेन उघडा-लावा. यातलं काही अडलं तर तो मोजा रस्त्यावर नेऊ नका. पहाटेच्या अंधारात कुत्रं आडवं आलं की ब्रेक उशिरा लागलेला परवडत नाही.

पाय

सायकलच्या बुटांना पुढे हवेसाठी भोकं असतात. उन्हाळ्यात वरदान, जानेवारीत तिथून थेट बोटांवर वारा. इनसोल काढून खालच्या भोकांवर आतून चिकटपट्टी लावा. वरच्या जाळीसाठी जुना मोजा कापून बुटाच्या पुढच्या भागावर चढवा, क्लीटपुरतं (तळव्याला पेडलमध्ये अडकणारी पट्टी) भोक पाडून. दिसायला बावळट, काम चोख.

दोन मोजे घालून पायाची बोटं आत हलत नसतील तर एक काढा. बूट आवळला की रक्त अडतं. रस्त्यात फारच बधिर झाली तर सायकलवरून उतरून पाच मिनिटं चढावर सायकल ढकलत चाला. धावणाऱ्यांना पायांचा त्रास सहसा होत नाही, फक्त दव पडलेल्या गवतावरून जाऊ नका. जाळीचे बूट दोन मिनिटांत भिजतात.

मागच्या वर्षी हेच कपडे चालत होते, यंदा चालत नाहीत

ही तक्रार आली की मी एकच विचारते: धुताना शेवटी कम्फर्टसारखं काही घालता का? कपडे मऊ करणारं ते द्रावण धाग्यांवर थर धरतं. मग घाम पसरत नाही, कपडा उगाच ओला राहतो. साध्या डिटर्जंटने, कमी प्रमाणात, पुन्हा पुन्हा धुऊन काढा. इस्त्री करू नका. सावलीत वाळवा.

रस्त्यातच अडकलात तर

वेग कमी करा. उतार ताशी २० ने उतरा, हलके पेडल मारत. बोटं अजिबात वळत नसतील तर थांबा, रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि दोन्ही हात खांद्यातून मोठ्या गोलात वीस-तीस वेळा जोरात फिरवा. रक्त बोटांच्या टोकांपर्यंत ढकललं जातं. थोडं दुखेल, ते चांगलं लक्षण. टपरीवर चहाचा ग्लास हातात धरा, पण बधिर बोटं शेकोटीजवळ नेऊ नका. चटका बसलेला कळत नाही आणि फोड आल्यावरच समजतं. काखेत हात धरणं सगळ्यांत सुरक्षित.

सोबतचा कुणी अनावर कुडकुडत असेल, त्याची जीभ जड झाली असेल, जॅकेटची साधी चेन लावता येत नसेल, तर त्याची राईड तिथेच संपली. ओले कपडे काढा, कोरडं काहीही गुंडाळा, गाडी बोलवा. कुडकुडणं थांबलं पण माणूस अजून गार आणि गोंधळलेला आहे, तर त्याला बरं वाटतंय असा अर्थ नाही. १०८ ला फोन करा.

इथे स्वतःचे प्रयोग थांबवा

दुपारच्या उन्हातही करंगळी किंवा अंगठ्याकडची बोटं बधिर होत असतील तर प्रश्न सायकलच्या मापाचा आहे. सॅडल (सीट) पुढे झुकलेलं, हँडल लांब किंवा खाली, अंगाचा भार तळव्यांवर. सॅडलची पातळी आणि तळव्याची जागा बदलून तुम्ही स्वतः बघू शकता. त्यापुढे स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बदलणं वगैरे अंदाजाने करू नका, बाईक फिटिंग करणाऱ्या माणसाकडे जा. राईड संपल्यावर तासन् तास मुंग्या राहत असतील, किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, तर फिटरच्या आधी डॉक्टर.

बोटं सीमारेषा आखल्यासारखी पांढरीफटक पडत असतील, मग निळसर, मग लाल होऊन ठणकत असतील, आणि फ्रीजमधली बाटली धरल्यावरही हेच होत असेल, तर तो रेनॉडचा त्रास, म्हणजे थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या अति आकसणं, असू शकतो. बायकांमध्ये तो जास्त दिसतो. हातमोज्याने तो बरा होत नाही. राईडनंतर काही तासांनी बोटांवर लाल, खाजणारी सूज येत असेल तरीही दाखवून घ्या. घरातल्या सगळ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त थंडी वाजत असेल, थकवा असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगतात. मधुमेह असेल तर पायाच्या बधिरपणावर स्वतःचे उपाय करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा.

धावून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छातीत घरघर किंवा दाटल्यासारखं होत असेल तर थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसत असतील. तपासणी होईपर्यंत पहाटेचे जोरकस इंटरव्हल (थांबून थांबून वेगात धावणं) बंद. आणि थंडीत चढावर छातीत दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम फुटून मळमळ, यातलं काहीही झालं तर सायकल तिथेच आडवी टाका आणि हॉस्पिटल गाठा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा भार वाढतो. चाळिशी उलटलेल्यांनी, घरात हृदयविकार असणाऱ्यांनी हिवाळी ट्रेनिंग सुरू करण्याआधीच एकदा तपासून घ्यावं.

बोटांसाठी डॉक्टरांकडे जाणार असाल तर पांढरी पडलेली असतानाच रस्त्यावर त्यांचा फोटो काढून ठेवा, दोन्ही हातांचा, पुढून आणि मागून. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बोटं नेहमीसारखी झालेली असतात आणि दाखवायला काहीच उरत नाही. फोटोबरोबर फोनमध्ये लिहिलेल्या त्या दिवसाच्या तीन ओळीही दाखवा.